खिळे ठोकलेली झाडं

रस्ता रुंद करायचा म्हणून शाळेजवळची झाडं पडणार, हे कळल्यावर ठेंगीने आणि तिच्या कॉलेजातल्या टोळीने अर्ज केले, साहेबांच्या हातापाया पडून पाहिलं, फलक धरून उन्हात उभं राहून झालं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी प्रत्येक खोडात डोकी छाटलेले खिळे खोल ठोकले आणि कुणाला इजा नको म्हणून त्यावर लाल पट्टा रंगवला. मोठी सज्जन टोळी! पट्टा बघून, खिळ्यांवर करवत तुटेल या धास्तीने, तोडणारे आल्या पावली परत जातील, असा त्यांचा भाबडा हिशेब होता.

तोडणाऱ्यांनी पट्ट्याच्या खाली, बुंध्याशी यंत्र लावलं आणि झाडं आडवी केली.

दुपारी ठेंगी बापाचा डबा घेऊन लाकडाच्या वखारीत गेली. बाप तिथे मोठ्या करवतीवर ओंडके चिरायचा. फाटकाशीच सालींचा ढीग होता आणि त्या सालींवर लाल रंग. चिरण्याआधी ओंडका सोलतात, हे करवतवाल्याच्या पोरीला लहानपणापासून ठाऊक. रंग लावताना ती अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! खिळ्यावर पातं तुटलं की चाबकासारखं सुटतं. बापाच्या आधीच्या करवतवाल्याचा गळा तसाच चिरला होता.

आत बाप सोललेला ओंडका पात्याकडे ढकलत होता. त्याच्या कानात कापूस. डबा फेकून ती धावली आणि तिने करवतीशेजारच्या भिंतीवरचा खटका खाली ओढला. करवत थांबली.

"डोकं फिरलंय का तुझं?" बाप ओरडला.

"बाबा, त्यात खिळे आहेत. आम्हीच ठोकलेत."

बापाने तिच्या थोबाडीत अशी दिली, की ती भुशात जाऊन पडली. तिचा ओठ फुटला. बाकीचे कामगार करवतीपासून मागे सरकले.

वखारीचा मालक आवाज ऐकून कचेरीतून बाहेर आला. "कुठल्या ओंडक्यात?"

साली निघालेले ओंडके सगळे सारखेच दिसत होते. ठेंगी रडायला लागली. "माहीत नाही."

"मग चालव," मालक बापाला म्हणाला.

"मी नाही चालवणार."

"तू नाही, तर ही धरेल ओंडका!" मालकाने ठेंगीचे केस धरले, तिला फरफटत करवतीशी नेलं, तिची छाती ओंडक्यावर दाबली आणि दुसरा हात खटक्याकडे नेला. तिच्या नाकासमोर पात्याचे दात होते.

बापाने पाचर ठोकायचा हातोडा उचलला आणि खटक्यावरच्या त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मालक गुडघ्यावर आला, तरी बापाने दुसरा घाव त्याच्या खांद्यावर घातला. तिसरा घालणार, तोच कामगारांनी त्याला आवरलं. झटापटीत त्याचंही कपाळ फुटलं.

वखारीचं फाटक बापलेकीच्या मागे बंद झालं. आता पोलीस येणार, हे दोघांनाही कळत होतं. बाप रस्त्याकडेला बसला. ठेंगीने ओढणीने त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. त्याचे हात शाबूत होते, मान शाबूत होती. तिला इतकं हायसं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली.

"एक तरी झाड वाचलं का?" बापाने विचारलं.

"नाही, बाबा."

त्याने तिला पुन्हा थोबाडीत मारली, आणि ही आधीच्यापेक्षा जोरात होती.