तेविसाव्या दिवसाची घंटा

घंटा माझ्या कोटाच्या खिशात सापडली.

थंडी वाढली म्हणून जाड कोट पहिल्यांदाच बाहेर काढला होता. प्रयोगशाळेच्या दाराशी ओळखपत्र शोधायला खिशात हात घातला, तर बोटांना ती लागली. बोराएवढी पितळी घंटा, लाल दोऱ्यात ओवलेली. ती इथे असायलाच नको होती. ती घरी, शिलाई मशीनच्या घट्ट बसलेल्या खणात असायला हवी होती, आणि गोटीला आजच सापडायला हवी होती.

गोटी म्हणजे माझी लेक. सव्वादोन वर्षांची, अंगाने गोल, एकदा घरंगळली की थांबत नाही म्हणून गोटी. मला संशोधनासाठी परदेशात जागा मिळाली तेव्हा घरात असं ठरलं, की मी पुढे जायचं आणि साठाव्या दिवशी गोटीच्या बाबाने रजा घेऊन तिला इकडे आणायचं. तोवर तिला सांभाळायला माझी नणंद आमच्याकडे राहायला आली. मी त्यांना थट्टेने वन्सं म्हणते, त्या मला वहिनीसरकार.

तेवढ्या दिवसांत माझा आवाज तिच्या कानातून जाऊ नये म्हणून मी घरातल्या जुन्या फोनवर साठ गोष्टी बोलून ठेवल्या. गोटी दुपारी झोपली की मी न्हाणीघरात जायची, कडी लावून बालदी पालथी घालायची आणि तिच्यावर बसून कुजबुजायची. ही आत कुणाशी गुलुगुलु बोलते, असा शेजारणीला संशय आला असता तरी चूक म्हणता आलं नसतं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी एक जागा सांगितली होती. आता जा, खिडकीतल्या कुंडीमागे बघ. आता जा, घड्याळाच्या पाठीमागे बघ. तिथे काहीतरी लपवलेलं. पीस, शंख, मोठं निळं बटण. साठ दिवस, साठ जागा. शिवाय संशोधन करणाऱ्या बाईला शोभेल अशी वही आखली होती. दिवस, जागा, वस्तू, आणि शेवटचा रकाना कोरा, वन्संनी भरायला.

"साठच कशाला?" गोटीचा बाबा कडीबाहेरून हसला होता. "शंभर कर की."

"साठाव्या दिवशी येतोयस ना पण?"

"येतोय गं बाई. गंमत केली."

मी निघाले तेव्हा गोटी झोपेत होती. झोपेतच नीघ म्हणजे रडणार नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. चपला हातात घेऊन मी माझ्याच घरातून चोरासारखी बाहेर पडले.

इथे मी पेशी वाढवते. सपाट काचेच्या बशांमध्ये, उबेच्या कपाटात. वेळच्या वेळी त्यांना खाऊ घालायचा, वेळच्या वेळी जुनं पाणी काढून नवं घालायचं. दोन कामांच्या मध्ये चाळीस मिनिटं मिळतात. हेही मी त्याच चाळीस-चाळीस मिनिटांत लिहितेय. माझी सिनियर दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवते, स्वतःच्या डब्यावरसुद्धा, म्हणून मी तिला मनातल्या मनात लेबलबाई म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, "एक बशी कायम रिकामी ठेवायची. काही घालायचं नाही. तिच्यातही काही वाढलेलं दिसलं, तर समज, बाकीच्या सगळ्या बशाही खोटं बोलतायत."

माझ्या जेवणाची सुट्टी म्हणजे तिकडे गोटीची झोपायची वेळ. आणि रविवारी फोन करावा तर ती नेमकी बाबाबरोबर बागेत गेलेली असायची. त्यामुळे लेक कानावर येत नव्हती, तिची बातमी येत होती. "पीस सापडलं हो, वहिनीसरकार! नाकात घालून अशी शिंकली!" त्या एका शिंकेवर मी दोन दिवस काढले होते.

तर आज तेविसावा दिवस, आणि ठेवायची राहून गेलेली घंटा खिशात. खण रिकामा. लेकरू खण उघडेल आणि आत काहीच नसेल. बशा कपाटात ठेवल्या आणि रोजच्या वेळेआधीच घरी फोन लावला, काहीतरी दुसरं पटकन ठेवा म्हणून सांगायला.

"अगोबाई, आज इतक्या लवकर?" वन्संचाच आवाज. "सापडली हो घंटा! सकाळपासून वाजवून वाजवून कान किटवलेत पोरीने."

घंटा माझ्या मुठीत होती.

"कुठे सापडली, वन्सं?"

"मशीनच्या खणात. तूच नाही का ठेवलीस?"

वही त्यांच्यासमोर उघडी असणार. मी मूठ उघडली आणि फोनजवळ नेऊन घंटा वाजवली. "ही ऐकू येतेय? हीच ती."

मागून गोटीचं ओरडणं आलं, कुठल्यातरी झाकणावरून. जागी होती. किती जवळ होती.

"गोष्टी तीनच दिवस लावल्या गं," वन्सं म्हणाल्या. हाकेतली वहिनीसरकार गेली होती. "तुझा आवाज आला की वस्तू सापडली तरी ती थांबायची नाही. तुला शोधायची. कपाटं उघडायची, मशीनच्या मागे जाऊन हाका मारायची. तिसऱ्या दिवशी रडून रडून ओकली. तेव्हा दादा म्हणाला, बंद कर."

"मग ती शिंक?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

म्हणजे माझ्याकडे वीस दिवसांची लेक होती ती वहीत वाचून केलेली. मी तिच्यावर हसले होते, लेबलबाईला तिचे पराक्रम सांगितले होते.

फोन गोटीच्या बाबाने घेतला. "हे बघ, तुझं लक्ष उडू नये म्हणून..."

"रजेचा अर्ज दिलास?"

"आधी तू तिथे रूळ. मग उन्हाळ्यात वगैरे..."

"दिला नाहीस."

"देणार होतो गं."

"शंभर कर म्हणालास, ती गंमत नव्हती ना रे?"

मला वन्संचा राग येत होता, पण तो नुसता राग होता. हे निराळंच होतं. हा माणूस कडीपलीकडे उभा राहून माझ्या साठ गोष्टी ऐकत होता, आणि त्या पुरणार नाहीत हे त्याला तेव्हाच माहीत होतं.

"गोटीला समोर आण. चेहरा दिसू दे."

ती आली. केस कापले होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घंटा वाजवली. तिने पडद्याकडे बघितलं, मग फोनच्या मागे बघितलं, मग धावत जाऊन मशीनचा खण ओढू लागली.

"बघ," तो म्हणाला, "म्हणूनच..."

"तिला सांग, मी तिथे नाही."

"कसं सांगू एवढ्याशा पोरीला?"

"मला सांगायला हवं होतंस, तसं." आणि मीच हाक मारली. "गोटी, खणात नाही मी. कपाटात पण नाही. मी लांब आहे. तू झोपली होतीस तेव्हा न सांगता गेले. चुकलं माझं."

ती परत आली. पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "बाहेर ये."

"आत्ता नाही येता येत, राणी."

मग ती रडली. भोकाड पसरून, पाय आपटून. वन्सं फोन बंद करायला पुढे झाल्या. मी म्हटलं, राहू द्या. बशांची वेळ झाल्याची घंटी मागे वाजत होती, ती पहिल्यांदाच मी वाजू दिली. माझ्याकडे बघतच ती हळूहळू थांबली, हुंदके देत, आणि म्हणाली, "घंटा दे."

"तुझीच आहे. माझ्याकडे आहे."

गोटीच्या बाबाने उद्या अर्ज देतो म्हणून सांगितलं. हो म्हणाला. त्याच्या 'हो'चं आता काय करायचं, ते मला कळत नाही. फोन ठेवायच्या आधी मी वन्संना वही आणायला लावली. तेवीस ओळींपुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तेवीस वेळा 'सापडलं'.

"चारपासून सगळं खोडा," मी म्हटलं. "आणि तेविसाच्या पुढे लिहा, आईकडे आहे."