न उडालेलं काडतूस

"मार, ओलेटा आजी! माझ्या छातीत मार! देवाची मर्जी नसेल तर लोखंडही गप्प बसतं!"

केंटकीच्या डोंगरातलं आमचं छोटं चर्च त्या रविवारी खच्चून भरलं होतं. धर्मोपदेशक ब्रदर लाइल स्टॅम्पर कोट उघडून उभा. म्हाताऱ्या ओलेटानं त्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला. खट्! काडतुसावर आपटणारा घोडा पडला, पण गोळी सुटलीच नाही. लाइलनं तेच काडतूस गर्दीतल्या एकाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालून दाराबाहेरच्या दरडीवर झाडलं. धाड्! लोक गुडघ्यांवर आले, रडू लागले.

"वर माझी जरा ओळख आहे," लाइल म्हणाला.

मी बंदुका दुरुस्त करतो. मला शंका आली, पण मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

बुधवारी डेन्व्हर साइझमोर या खाणकामगारानं स्वयंपाकघरात, बायकोसमोर, स्वतःचं भरलेलं रिव्हॉल्व्हर छातीला लावलं. "भिऊ नकोस रेलीन, माझा विश्वास पक्का आहे." त्यानं चाप ओढला आणि तो जागीच गेला.

दफनाच्या वेळी लाइलनं सुस्कारा टाकला. "बिचारा! श्रद्धा तोकडी पडली."

रेलीननं मूठभर माती टाकली आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी ओलेटा आजी आपलं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात आली. "हे ठेवून घे बाबा. घरात नको आता. बोटं आखडलीत, चार वर्षांत चाप हलला नाही मला."

"मग रविवारी कसा ओढलात?"

"देवाचा स्पर्श रे! लोण्यासारखा गेला."

मी तिचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून तिच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी जोर लावूनही चाप तसूभर हलेना. मग रविवारी देवानं बरं केलं ते काय, हिची बोटं की लाइलच्या रिव्हॉल्व्हरचा चाप?

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी हे रेलीनला सांगितलं. ती सरळ पुढे गेली, तिनं व्यासपीठावरचं लाइलचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. "उघड, होबर्ट."

"पवित्र वस्तू आहे ती!" लाइल ओरडला.

"देव काय स्क्रूड्रायव्हरला भितो?" रेलीन म्हणाली.

मी काडतुसं काढली, रिव्हॉल्व्हरची मूठ उघडली. आतली पट्टीसारखी स्प्रिंग कानशीनं घासून पातळ केलेली, तिला ताणून धरणारा स्क्रू सैल.

"चाप ओढताना बोट या स्प्रिंगशी झगडतं," मी सगळ्यांना दाखवलं. "ती मऊ, तर चाप मऊ. पण घोडाही हिच्याच जोरावर आपटतो. जोर कमी पडला की काडतुसाच्या बुडाला नुसता पोचा येतो, ते पेटत नाही. दुसऱ्या बंदुकीत तेच उडतं."

मी दुकानातून सोबत आणलेली चांगली स्प्रिंग बसवून स्क्रू आवळला. रिकामं रिव्हॉल्व्हर आजीला दिलं. चाप हलेना. मग काडतूस घालून लाइलला विचारलं, "आता उभे राहता, ब्रदर?"

तो भिंतीला चिकटला. मी दरडीवर झाडलं. उडालं.

रेलीन वळली. "माझ्या नवऱ्याची श्रद्धा तोकडी नव्हती. त्याच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग चांगली होती."

लाइलला शेरिफनं नेलं. तरी काहीजण म्हणतात, त्याच्यात काहीतरी होतं. त्यांना एवढंच सांगणं: हात जोडण्याआधी वस्तू उघडून बघा. जो उघडू देत नाही, त्याच्या शब्दावर जीव पणाला लावू नका.