चौथ्यात अडकलेली गाडी

जळोचीत माझं गॅरेज हाय. जुगाड करून द्या म्हननारं गिऱ्हाईक मला डोळ्यासमोर नको असतं, तोंडावर सांगतो तसं. पन रावजीला एकदा करून दिलं होतं.

त्याच्या मोटरसायकलची गिअरची दांडी शाफ्टवर नुसती फिरायची, दाते पार झिजलेले. नवा शाफ्ट टाकायचा तर इंजिन उघडावं लागतं. त्याच्या उसाला तोड आलेली, टोळी फडात उभी. म्हनला, चाँदभाई, आत्ता वेल्डिंगचा टाका मार, ऊस गेला की शाफ्ट टाकू. हंगामात आमच्याकडं सगळेच असं करतात. मी दोन शिव्या हासडल्या आन टाका मारला. ऊस गेला. त्यो काय परत आला न्हाय, मीबी आठवन केली न्हाय.

पुढं मोरगावच्या रस्त्याला, चढावर, मागनं टेम्पोनं उडवला त्याला. जागेवरच गेला. सगळ्यांनी टेम्पोवाल्याच्या नावानं बोटं मोडली, मीबी मोडली.

तीन महिन्यांनी एका सकाळी त्याची बायको मुक्ताबाई ती गाडी पिकपमधी घालून घेऊन आली. लेक श्रेया दवाखान्यात नर्स म्हनून लागलीय, गाडी चालवायला बापानंच शिकवलंय, तिच्यासाठी नीट करून द्या म्हनाली. मी खाली बसून बघितलं. टाका तुटलेला, दांडी लोंबती, आन गाडी चौथ्या गिअरात अडकलेली. चढावर कोन चौथ्यात ऱ्हातंय? गिअर उतरला न्हाय म्हनून गाडी रस्त्यात बंद पडली, टेम्पो त्याच्यानंतर आला. मी गप बसलो असतो तर अल्लाशिवाय कुनाला कळलं नसतं.

"मुक्ताबाई," मी म्हनलो, "आधी माझं वेल्डिंग तुटलं. मग टेम्पो आला." आन सगळं सांगून टाकलं.

ती गाडीकडंच बघत राहिली. दुसऱ्या गॅरेजला नेऊन देतो म्हनलं, माझ्या हाताचं नको. तोंडावर थुंकली असती तर बरं वाटलं असतं मला.

"उघडा इंजिन," ती म्हनाली. "मी बसते हितं."

बारामतीतनं शाफ्ट आनला, ऑइल काढलं, इंजिन उघडलं. ती स्टुलावर बसून माझ्या हाताकडं बघत होती. पानीसुदिक घेतलं न्हाय. दुपारी तीनला मी गाडी चालू केली, सगळे गिअर टाकून दाखवले.

तिनं घड्याळाकडं बघितलं.

"तवाबी एवढाच येळ लागला असता?"

"व्हय," मी म्हनलो.