रमाकांतांना उभं ठेवलं

हेमंत पानशांचा फ्रिज दर रविवारी हातभर लांब व्हायचा. बाहेरून होता तेवढाच. वाढायचा तो आतून, मागच्या बाजूला. आता वाढतो म्हटल्यावर वाढतो, त्यात डोळे विस्फारण्यासारखं काय? उलट मंडळींना बरंच वाटायचं, कारण बाटल्यांना जागा कधी पुरत नाही.

मंडळी म्हणजे चौघंच. सिडकोतल्या हेमंतरावांच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी अकराला जमायची, आपापली आवडती बिअर घेऊन. हेमंतराव परदेशी जाऊन-येऊन असायचे आणि स्वेटरांत गुंडाळून बेल्जियमच्या बाटल्या आणायचे. नफीसा शेख दातांची डॉक्टर. ती पुण्या-गोव्याकडच्या छोट्या ब्रुअरींचे कॅन आणायची, कधी कोकम घातलेली, कधी आंबा घातलेली बिअर, नाहीतर आणखी काहीतरी अचाट. वसुधाताई घोडक्यांनी वाळूजच्या एका बिअर कारखान्यात सव्वीस वर्षं बिअर चाखायचीच नोकरी केलेली. प्रयोगशाळेत, पांढरा कोट घालून, पगार घेऊन. लोकांना हसू यायचं, येऊ दे. आणि चौथे त्यांचे यजमान रमाकांत, भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांना बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

रिवाज साधा होता. ज्यानं बाटली आणली त्यानं ती उघडायची, कुठली, कुणी केलेली ते सांगायचं, सगळ्यांना सारखी ओतायची आणि स्वतः शेवटी घ्यायची. उघडलेली बाटली कुणा एकाची नसते, हा नियम हेमंतरावांनी कागदावर लिहून भिंतीवर लावला होता. मग वास घेऊन एकेकानं बोलायचं. कुणाला केळं जाणवायचं, कुणाला लवंग, कुणाला भाजलेली कॉफी. रमाकांतांची पाळी आली की ते म्हणायचे, छान आहे. नऊ वर्षांत त्यांनी दुसरा शब्द काढला नव्हता. माणूस इतका भिडस्त की सलूनवाल्यानं चुकून मिशी काढली तेव्हाही छान आहे म्हणून घरी आला.

मग एका रविवारी हेमंतरावांनी बेल्जियमच्या ख्रिस्ती मठात केलेली काळी बिअर ओतली. रमाकांतांनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला.

"मे महिन्यात बंद वर्ग उघडून नकाशा उलगडला की येतो ना," ते म्हणाले, "तसा वास आहे."

वसुधाताईंनी पुन्हा वास घेतला. अगदी तोच होता, आणि सव्वीस वर्षांत त्यांना तो सापडला नव्हता. नवऱ्याचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

आता या लोकांची एक खोड सांगायला हवी. साधी बिअर ते लगेच पितात. खरोखर उत्तम एखादी हाती लागली की पीत नाहीत, ठेवून देतात. पाच वर्षांनी बघू, दहा वर्षांनी बघू. हेमंतरावांनी रमाकांतांकडे तसंच पाहिलं आणि हे ठेवण्यासारखं आहे असं जाहीर केलं. नफीसाला पटलं. त्यांनी रमाकांतांना फ्रिजमध्ये नेलं आणि मागच्या भिंतीशी उभं केलं. आडवं नाही, बिअर उभीच ठेवायची असते. रमाकांत हो म्हणाले, कारण नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. वसुधाताईंना वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे. हीच त्यांची चूक.

पुढच्या रविवारी त्या आत गेल्या तर रमाकांत हातभर मागे सरकले होते. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी हातभर. छातीवर लेबल आलेलं होतं, गाव, साल आणि 'उघडू नये'. वसुधाताई त्यांच्या मानेजवळ नाक न्यायच्या. पहिले काही आठवडे पाव भाजल्यासारखा वास होता, म्हणजे ठीक. दिवाळीनंतर त्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मिसळला. प्रयोगशाळेत हा वास आला की त्या लाल पेनानं फुली मारायच्या. ठेवून ठेवून शिळं झालेल्या बिअरला हाच वास येतो, आणि एकदा आला की तो वाढतच जातो.

त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, की बस झालं, मी यांना घरी नेते.

हेमंतराव समजुतीनं हसले. वहिनी, अजून तीन वर्षं थांबा म्हणाले. आत्ता काढलं तर एवढ्या दिवसांचं वाया जाईल. नफीसाही म्हणाली की ताई, असं पुन्हा मिळायचं नाही, मुरू दे.

"मुरायला ते काय लोणचं आहेत?" वसुधाताई म्हणाल्या.

एव्हाना टेबलावर कुणी बाटली उघडेनासंच झालं होतं. बंद बाटल्या मधे ठेवून, रिकामे ग्लास नाकाशी नेऊन, आत काय काय असेल ते सांगायचं, अशी बैठक चालायची. वसुधाताईंनी एकदा घरून आणलेली बाटली उघडायला घेतली तर दोघांनी त्यांचा हात धरला. हळूच धरला, प्रेमानंच धरला, पण धरला. मग माघातल्या एका रविवारी त्यांनी साडीचा पदर सरकवला तर उघड्या दंडावर कागद चिकटलेला. वसुधा घोडके, प्रकाशापासून जपावे. हेमंतराव फ्रिजचं दार उघडं धरून उभे होते. आत रमाकांतांच्या शेजारी जागा करून ठेवल्याचं त्यांनी सांगितलं, आणि एवढ्या अनुभवी नाकाचं चीज व्हायला हवं असंही म्हणाले.

वसुधाताईंनी नखानं ते लेबल खरवडलं. कोपरा निघाला, मग सगळं निघालं, आणि त्याखालची कातडीही थोडी निघाली. त्यांनी कागदाची गोळी करून हेमंतरावांच्या तळहातावर ठेवली.

"माझं नाक मी वापरायला ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता फ्रिज चांगलाच लांबला होता. दोन्ही बाजूंना बाटल्या, बाटल्यांच्या मागे बाटल्या, आणि मधूनमधून माणसं. एक गाणारी बाई उभी होती, एक कॅरमपटू होता, सगळे कधी ना कधी एकदाच फार चांगलं काही करून गेलेले. वसुधाताईंनी कुणाकडे थांबून पाहिलं नाही. एकेकाला सोडवत बसल्या असत्या तर जन्म पुरला नसता, आणि पुठ्ठ्याचा वास पुढून यायला लागला होता. गुडघे दुखत होते, तोंडानं हेमंतरावांचा उद्धार चालू होता. मागे दाराचा उजेड पोस्टकार्डाएवढा झाला तेव्हा रमाकांत सापडले.

"चला, घरी जाऊ."

"छान आहे गं इथं," रमाकांत म्हणाले.

"नाहीये छान. नऊ वर्षं ऐकून घेतलं. एकदा तरी खरं बोला."

रमाकांतांचे ओठ हलले.

"पाय हलत नाहीत माझे," ते म्हणाले. "आणि मला तुझं नाव आठवायला वेळ लागतो आता."

वसुधाताईंना रडू फुटलं आणि संतापही आला. दोन्ही एकदमच आलं. त्यांनी त्यांना ओढून पाहिलं; हलले नाहीत. उचलून पाहिलं, जड होते, गळ्यापर्यंत भरलेले. मग त्यांनी छातीवरचं लेबल उभं फाडलं आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण काढलं.

फस्स झालं. कॉलरमधून पांढरा फेस वर आला.

तो आवाज दूर दारापर्यंत गेला. लगेच पावलं वाजली. हेमंतराव येत होते, नफीसा येत होती, वाटेत उभी असलेली माणसंही भिंत सोडून निघाली होती, आणि प्रत्येकाच्या हातात ग्लास होता. उघडलं आहे, आता सगळ्यांना सारखं वाटायचं, असं हेमंतराव लांबून सांगत होते. फेस रमाकांतांच्या खांद्यांवरून ओघळू लागला.

"ही माझी आहे," वसुधाताई म्हणाल्या. "वाटायची नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर धरली, तोंड लावलं आणि प्यायला सुरुवात केली. पहिले ग्लास त्यांच्या पाठीला टेकले. रमाकांतांचा शर्ट हातात सैल होत चालला होता, आणि त्या थांबत नव्हत्या.