जुन्या करारातला कठडा

सासऱ्यांना सगळे ‘वडील’ म्हणत. चर्चच्या मंडळीत निवडून आलेले वडील होते ते. घरात मात्र ते कुणाचेच वडील वाटत नसत, मालक वाटत. धंदा संगमरवर कोरण्याचा. थडग्यांवरची नावं, दारावरच्या पाट्या, कोनशिला. छिन्नी हातात असली की देवानं मोशेला दहा आज्ञांच्या पाट्या दिल्या त्या आपल्याच दुकानातून गेल्या असाव्यात, असा चेहरा करत.

धाकटी सून वरच्या खोलीत राही. खोलीचं दार थेट गच्चीत उघडे. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि समोर रस्त्याच्या अंगाला काही म्हणजे काहीच नाही. गच्ची तिथं संपे आणि हवा सुरू होई. सुनेची लेक नुकती पायावर उभी राहिलेली, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. एकदा सोडली की थांबायची ती फक्त आपटल्यावर.

एका सकाळी सून लंगोट वाळत घालत होती. एक लंगोट वाऱ्यानं उडाला आणि भिंगरी त्याच्यामागे. आईनं चिमटा टाकला, झेप घेतली आणि फ्रॉकची मागची झालर पकडली. पोर गच्चीच्या टोकाशी ओणवी, खाली रस्ता. झालर टरकन फाटली, पण तोवर दुसरा हात पोटाशी पोचला होता. पोर खिदळत होती. आई तिला पोटाशी धरून तिथंच खाली बसली.

त्याच दिवशी ती दुकानात गेली. “बाबा, गच्चीला कठडा हवा.”

“पकडलंस ना पोरीला? मग झालं तर.” वडिलांनी दगडावरची भुकटी फुंकली. “लक्ष ठेवायचं असतं. आणि गवंडी मोकळा नाही. तो आपल्या प्रार्थनामंदिरातला चौथरा बांधतोय. आधी देवाचं घर.”

“बाबा, बायबलात, नियमशास्त्रात सांगितलंय. नवं घर बांधलंस तर छताला कठडा कर, कुणी पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल.”

वडील दयेनं हसले. अडाण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू होतं ते. “अगं, तो जुना करार. आपण आता येशूच्या कृपेखाली आहोत, ते नियम सुटले.”

सून परतली. नवरा म्हणाला, “नको उगाच.” नवऱ्याचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावे, वर जागाही उरे.

रविवारी तीच सून पुन्हा लंगोट वाळत घालत होती, कारण लेकरांना वार कळत नाहीत. खालून गर्जना झाली. “शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस! वडिलांच्या घरावर लंगोट फडकतायत, मंडळी काय म्हणेल?”

“शब्बाथ कुठल्या करारातला, बाबा?” तिनं वाकून विचारलं.

“आज्ञा आहे ती! देवाच्या बोटानं कोरलेली!”

म्हणजे हिशेब असा होता: सुनेनं पाळायचं ते देवाच्या बोटानं कोरलेलं आणि सासऱ्यानं करायचं ते कृपेत माफ.

कोरण्यावरून सांगायचं तर, वडिलांनी मंदिराला दहा आज्ञांच्या दोन पाट्या भेट द्यायचं ठरवलं होतं. खाली स्वतःचं नाव, आज्ञांपेक्षा किंचित मोठं. पण कोरताना गिऱ्हाइकापुढे स्वतःची थोरवी सांगण्यात रंगले आणि दुसऱ्या पाटीच्या पहिल्याच ओळीत ‘आपला बाप व आपली आई यांचा मान राख’च्या जागी ‘माल राख’ कोरून बसले. घाव इतका खोल की ‘ल’ पाटीच्या आरपार गेला. छिन्नी घसरली, म्हणाले. छिन्नी घसरून ‘न’चा ‘ल’ होतो, हे घरच्यांना नव्यानंच कळलं. जोड फुटायला नको म्हणून दोन्ही पाट्या परसात, तोंड भिंतीकडे करून उभ्या. दहाही आज्ञा शिक्षा झाल्यासारख्या.

पुढच्या रविवारी वडील नव्या चौथऱ्यावरून कराराच्या निष्ठेवर बोलणार होते. सासूला घेऊन ते निघाले आणि मागच्या दारानं गवंडी आला. सुट्टीचा दिवस, त्यालाही लहान लेक होती, फार समजवावं लागलं नाही. दोर, विटा, सिमेंट आणि परसातल्या त्या दोन पाट्या. पहिली पाटी जिन्यात अडली तेव्हा नवरा बाहेर आला, “नको उगाच” म्हणाला आणि म्हणता म्हणता दोराचं टोक धरून ओढू लागला.

सून भिंगरीला कडेवर घेऊन बघत होती. करार म्हणजे काय ते तिला त्या फाटक्या झालरीनं शिकवलं होतं. समोरच्यानं सही केलेली नसते, त्याला कडही दिसत नसते, तो तर खिदळत असतो. धरणारा धरतो. आणि ज्याला असं एकदा धरलंय, त्यानं दुसऱ्याच्या लेकरासाठी कठडा बांधायचा. दगडावर कोरायचं होतं ते हे. पण दगड विकणाऱ्याला कोण सांगणार?

दुपारी वडील चर्चच्या पाळकांना जेवायला घेऊन आले. दाराशी पाळकांनी गच्चीच्या नव्या कठड्याकडे मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं, “आपला बाप व आपली आई यांचा... माल राख?” खोकला आल्यासारखं करून त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

वडील जिना चढून वर आले, तांबडेलाल. “शब्बाथाच्या दिवशी गवंडीकाम! माझ्या घरावर!”

“येशूनंच म्हटलंय ना, बाबा, बैल विहिरीत पडला तर शब्बाथालाही काढतात? मी तो पडायच्या आधीच काढला, एवढंच.”

“पाडा! आत्ताच्या आत्ता पाडा ते!” वडिलांनी बाही सरसावली. “पहार आण रे!”

नवरा हलला नाही. हललं ते जिन्यातून वर आलेल्या सासूचं तोंड. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात मान हलवण्यापलीकडे मत दिलेलं नव्हतं.

“आज कसं पाडणार?” ती शांतपणे म्हणाली. “शब्बाथ आहे. पाळक खाली बसलेत.”

वडिलांची बाही तशीच अर्धी वर राहिली.

“उद्या पाडू,” ते शेवटी म्हणाले.

“उद्या सिमेंट धरलेलं असेल, वडील,” गवंडी थापी पुसत म्हणाला. “आणि मी देवाच्या घरी कामावर, चौथऱ्याच्या पायऱ्या राहिल्यात.”

सासूनं नातीला सुनेच्या कडेवरून घेतलं आणि खाली सोडलं. भिंगरी सुटली ती थेट कडेकडे. सुनेचा हात सवयीनं पुढे झाला आणि मग तिनं तो मागे घेतला. पोर पाटीवर आपटून थांबली, चकित झाली आणि मग चुकीच्या ‘ल’च्या आरपार खोबणीत आपलं बोट घालून बघू लागली.