हिरव्या दोऱ्याची पानं

निळा दोरा वाईट निघाला, हे वच्छलाबाईंनी पाकीट फोडल्या फोडल्याच सांगितलं होतं. नुसतं बघून नव्हे. लडीतला एक दोरा ओढून त्यांनी खालच्या ओठावरून फिरवला, पैठणीच्या मागावर बसताना जन्मभर रेशीम पारखत आल्या तसा, आणि तोंड वाकडं केलं.

"मोने, ह्याला दोरा म्हणत्यात व्हय? इथं सुतळी, तिथं केस."

"मोबाइलवर तर चांगला दिसत होता, माय."

"मोबाइलवर समदंच चांगलं दिसतं. जावईबापूबी फोटोत गोरेच होते की."

आकाश आतल्या खोलीत कंपनीत जायच्या गडबडीत होता. तिथूनच ओरडला, "मामी, ऐकू येतंय मला!" आणि मोनिकाच्या मांडीवरची गोदू, काही न कळताही, सगळे हसले म्हणून हसली.

मोनिकाला सातवा महिना लागला आणि तिकडं पैठणला तिच्या आईच्या छातीत गाठ सापडली होती. बारशाला आजोळचा बाळंतविडा आला तो बाजारातला. झबली, टोपडी, दुपटं, सगळं दुकानाच्या घडीतलं. जिनं परक्यांच्या लेकींसाठी मोर विणले, पोपट विणले, तिच्या नातीच्या अंगावर तिच्या हातचा एक टाका नव्हता. वच्छलाबाईंना गाठीपेक्षा ही सल जास्त बोचत होती. गाठीवरची औषधं चढवून घ्यायला त्या शहरात, उस्मानपुऱ्यात लेकीकडं राहायला आल्या, तेव्हा मोनिकानं हे फुलीच्या टाक्याचं पाकीट मागवलं. मॅटीचं भोकाभोकांचं कापड, सुई, दोरे, नक्षीचा कागद. फांदीवर दोन निळी पाखरं, लाल बोरं, भोवतीनं हिरवी पानं. खाली नावासाठी जागा. गोदूच्या पहिल्या वाढदिवसाला चौकट करून पाळण्यावर लावायचं. उशिरा का होईना, आजीच्या हातचा बाळंतविडा.

"ही पाखरं कुठली गं?" वच्छलाबाईंनी विचारलं होतं.

"परदेशातली असतील."

"मग आपल्या पैठणच्या धरणावर येत असतील हिवाळ्यात. बरंय. पाखरं तू कर, पानं माझी."

निळ्या दोऱ्याचा इलाज त्यांनीच शिकवला. तुकडा वीतभरच कापायचा, लांब घेतला की तो पिंजतो. सहाही पदर एकेक करून सुटे करायचे. जाड पदराला बारीक पदराची जोड द्यायची, म्हणजे दोघं मिळून सारखे होतात. मग मेणाच्या तुकड्यावरून ओढायचा, तुसं बसतात. फारच गाठाळ असेल तो पाखराच्या पोटाखाली, सावलीत खपवायचा. "वाईट धागा टाकून कशाला द्यायचा? त्याची जागा हुडकायची," त्या म्हणायच्या. मोनिकाची पाखरं अशी हळूहळू, गोदूच्या झोपांतून चोरलेल्या वेळात, अंग धरू लागली.

पानांचं मात्र काही खरं दिसेना. एक टाका फुगलेला, एक ताणलेला, एक भलत्याच भोकात गेलेला. मोनिकानं एकदा नुसतं वाकून बघितलं तर वच्छलाबाईंनी कापड मांडीवर उलटं केलं.

"हिरवाबी तसलाच निघाला," त्या म्हणाल्या. "धागाच वाईट. मी काय करू?"

मोनिकाला ते पटलं. निळा वाईट, तर हिरवा कुठून चांगला असणार? त्याच पाकिटातला.

त्या दिवशी पाण्याचा वार होता. हंडे, बादल्या, पिंप भरून मोनिका टेकली तेव्हा आकाश सासूला घेऊन दवाखान्यात गेला होता आणि गोदू पाय पसरून झोपली होती. मोनिकानं चौकटीचं कापड काढलं. वाढदिवस तोंडावर आला होता. माय दमून येणार, तिला दिसायच्या आत पानं नीट करून ठेवावीत असं तिच्या मनात आलं.

तिनं कात्रीच्या टोकानं पानं उसवायला घेतली.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. ती उसवतच मोठी झाली होती. एक धागा चुकला म्हणून मायनं दिवसभराचं विणलेलं उसवलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. ती रडायला लागली तर माय म्हणाली होती, "चुकलेलं उसवावं, बाई. झाकलं की ते पदरात जास्त दिसतं." टाक्यांचे हिरवे तुकडे तिनं चिमटीनं गोळा केले आणि सकाळच्या चहाच्या चोथ्यावर, केराच्या डब्यात टाकून दिले.

कापडाच्या मागच्या अंगाला बारीक तांबूस ठिपके होते. ते तिनं आधीही पाहिले होते. बोरांच्या लाल दोऱ्याचा रंग सुटला की काय म्हणून ओला कापूस दाबूनही बघितला होता. कापूस पांढराच राहिला, तशी ती निश्चिंत झाली होती.

मग तिनं हिरवा दोरा वीतभर कापला. पदर सुटे केले. जाड-बारीक निवडायला म्हणून डोळ्यांसमोर धरले आणि थांबली. निवडण्यासारखं काही नव्हतं. तिनं मेणही लावलं नाही. तसंच एक पान भरलं. टाका टाक्याला लागून बसला, गव्हाच्या ओंबीसारखा. पारखायला तिनं दुसरा तुकडा कापला, तिसरा कापला; सगळे सारखेच. शेवटी दोरा ओठावरून फिरवला. कुठं अडकला नाही.

हिरवा दोरा चांगला होता. पहिल्या टोकापासून चांगला होता.

आणि मग एकेक गोष्ट आपापल्या भोकात जाऊन बसू लागली. मायच्या ब्लाउजचे हूक हल्ली मोनिका लावते. मागल्या आठवड्यात उकळत्या चहाचा पेला मायनं फडकं न घेता उचलला आणि तसाच धरून बसली. आकाश म्हणाला होता, "मामींचे हात बघा, लोखंडाचे!" मायही हसली होती. औषधानं बोटं बधिर होतात, डॉक्टर म्हणाले होते. माय म्हणाली होती, "मला नाय तसलं काही."

मोनिकानं कापड पुन्हा उलटं केलं. ते ठिपके बोरांखाली नव्हतेच. सगळे पानांखाली होते. सुई बोटात जात होती आणि मायला कळत नव्हतं.

पण ओठ बधिर नव्हते. ओठांनी मायला पहिल्याच दिवशी सांगितलं असणार की हिरवा चांगला आहे.

ती केराच्या डब्याजवळ फतकल मारून बसली. चोथ्यात बोटं घालून ते तुकडे वेचू लागली. भिजलेले, तपकिरी झालेले, नखाएवढे. ते परत शिवता येणार नव्हते. तरी ती वेचत राहिली.

जिन्यात आकाशचा आवाज आला. "सावकाश, मामी. एकच पायरी राहिली."

वच्छलाबाई आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या. आकाश औषधं आणायला पुन्हा खाली गेला. मोनिकाला कापड लपवायचं सुचलंच नाही. वच्छलाबाईंनी ते ओढून घेतलं. पानांच्या जागी उघडी भोकं होती आणि मधोमध एकच पान, गुळगुळीत, भरलेलं.

त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात धागा ओळखण्यात चूक केली नाही, तिला त्या पानात काय दिसलं ते मोनिकाला विचारायची गरज नव्हती.

"सुटली व्हय माझी पानं?" त्या म्हणाल्या.

"व्हय माय. धागाच तसला."

"लई वाईट धागा."

"लई वाईट."

"हा एक तुकडा बरा निघाला म्हणायचा."

"निघतो एखादा." तिनं खोकल्यासारखं केलं.

वच्छलाबाईंनी कापड तिच्याकडं सरकवलं. "आता राहिलेली तूच कर. माझे डोळे दमले."

मोनिकानं कात्री उचलली. आईच्या डोळ्यांदेखत आपलं पान उसवलं, सगळं, शेवटच्या टाक्यापर्यंत. "हेबी नाही टिकायचं," ती म्हणाली. मग सुईत हिरवा दोरा ओवला, आईच्या बोटांत सुई ठेवली आणि ती बोटं आपल्या मुठीत धरून मिटली. किती थंड होती ती.

"बाळंतविड्यावर नाव तिचं आजीनंच घालायचं असतं, माय. पानंबी."

गोदू जागी झाली होती. उताणी पडून आपलाच पाय तोंडात घालत होती. वच्छलाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग सुई खाली नेली. टोक बरोबरच्या भोकावरून घसरलं, शेजारच्या भोकात गेलं. दोरा ओढला तो कापड गोळा होईस्तोवर.

वच्छलाबाईंनी कापड उजेडाकडं धरलं. साऱ्या पैठणच्या पोरीबाळी आपलं काम जिला दाखवायला आणायच्या, जिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं, ती लेकीला विचारू लागली.

"बघ बरं. नीट पडला का गं?"

"नीट पडला, माय."