दीड पंजाची पहिली वीट

मी वीट बोलतेय. साधीसुधी नाही, देवळाची पहिली वीट. चौकोनी आहे, दोन वितींची आहे, आणि अंगाने अशी जाडजूड की मला एका हाताने उचलायला गेलेल्या प्रत्येकाची कंबर धरली आहे. माझ्या पोटावर एका राजाच्या नावाचा शिक्का आहे आणि पाठीवर एका कुत्र्याचा पंजा. चार हजार वर्षं झाली, पण मला हातात घेणारा माणूस अजूनही आधी पंजा बघून हसतो, राजाचं नाव मागाहून बघतो. राजाला हे कळलं असतं तर त्याने आमची भट्टीच बंद केली असती.

खरं सांगायचं तर पंजे दीड आहेत. एक पुरा, मधोमध. दुसरा अगदी कडेवर, अर्धाच. त्याची दोन बोटं माझ्याकडे आणि उरलेला भाग शेजारच्या विटेकडे गेला. हा अर्धा पंजा लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात राजापेक्षा तोच जास्त कामाला आला.

माझा जन्म फुरात नदीच्या एका कालव्याकाठी झाला. आज त्या देशाला इराक म्हणतात, तेव्हा म्हणत नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे विटांचा महिना यायचा. त्या महिन्याचं नावच विटांवरून पडलं होतं. अब्बागिना नावाचा वीटकरी पायाने चिखल तुडवायचा, त्यात भुसा मिसळायचा, लाकडी साच्यात थापायचा, वर राजाचा शिक्का दाबायचा, मग उलटी करून उन्हात ओळीने मांडायचा. मी त्या ओळीतली विसावी की एकविसावी. ओळीच्या टोकाला अब्बागिनाचं जेवण फडक्यात बांधून ठेवलं होतं. भाकरी आणि सुकी मासळी. त्या मासळीच्या वासावर त्याचं कुत्रं निघालं ते थेट आमच्या पाठीवरून.

"अरे मेल्या! एवढा कालवा मोकळा पडलाय, तुला ओल्या विटाच सापडल्या का?" अब्बागिनाने ढेकूळ फेकून मारलं. कुत्र्याला लागलं नाही. मासळी मात्र गेली. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि मला परत चिखलात कालवायला वाकला. माझं आयुष्य तिथेच संपायचं. पण देवळातली पुजारीण निनहेदू विटा तपासायला आली होती.

"थांब, अब्बागिना. देऊळ कुणाचं बांधतोयस?"

"गुला देवीचं, बाई. वैद्यीण देवीचं."

"आणि तिच्या पायाशी कोण बसतं?"

"कुत्रं."

"मग? राजाने शिक्का मारलेला चालतो, तिने मारलेला नाही चालत?"

अब्बागिनाने डोकं खाजवलं. "पण बाई, हे माझं कुत्रं आहे. चोरटं आहे एक नंबरचं."

"आजपासून देवीचं," निनहेदू म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

अशी मी पहिली वीट झाले. भट्टीतून निघाल्यावर मला मध चोपडला, तूप चोपडलं, वर बिअर शिंपडली. दाराच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या थरात, गरम डांबरात मला बसवलं. नाव खाली, पंजा वर. नाव खाली का, असं विचारू नका. ते माणसांसाठी नव्हतंच, देवीसाठी होतं. माझ्या शेजारी जाणूनबुजून तीच वीट लावली जिच्याकडे उरलेला पंजा होता. दोघींच्या कडा भिडल्या आणि पंजा पुरा झाला. मला फार बरं वाटलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मातीचं देऊळ शे-दोनशे वर्षांत खचतं. नवा राजा येतो, म्हणतो पुन्हा बांधा. पण बांधायचं जुन्याच पायावर. बोटभरही इकडे तिकडे सरकायचं नाही, नाहीतर देवीला आपलं घर ओळखू येत नाही. त्यासाठी जुन्या देवळाची पहिली वीट काढायची. मुख्य गवंडी धुतलेले कपडे घालणार, हातात कथलाचं कडं घालणार आणि शिशाच्या कुऱ्हाडीने मला अलगद सोडवणार. शिशाची कुऱ्हाड! तिने काकडी कापली जाईल तर शपथ. पण रीत ती रीत. मग मला एका बंद आडोशाला ठेवणार आणि पुजारी ढोल वाजवत दिवसभर रडणार. देऊळ पाडणार हेच आणि पडलं म्हणून गळा काढणारही हेच. आडोशात बसून मला हसू आवरायचं नाही. पाया साफ झाला की मध, तूप, नवं डांबर, आणि मी पुन्हा माझ्या जागी, बहिणीला खेटून.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी घोटाळा झाला.

त्या वेळचा गवंडी होता बलासू. माणूस भला, पण घाबरट. त्याने मला रीतसर काढलं, आडोशाला ठेवलं. पुजारी रडू लागला. तेवढ्यात शकुन बघणाऱ्याने सांगितलं की हा महिना संपला की पुढचे तीन महिने अशुभ आहेत, पाया आत्ताच भरा. झाली धावपळ. पन्नास माणसं, शंभर हात. भिंत कमरेइतकी वर आल्यावर बलासूला आठवण झाली की पहिली वीट आडोशातच राहिली. माझ्या जागी कुणीतरी चिखल भरून मोकळं झालं होतं.

तो माझ्यासमोर मटकन बसला. "आता सांगावं तर भिंत पाडावी लागेल. भिंत पाडली तर महिना जाईल. महिना गेला तर माझं डोकं जाईल. पुढच्या वेळी नक्की बसवतील हं तुला. तोवर माफ कर, बाई." अंगणात देवीच्या कुत्र्यांची पाण्याची थाळी असायची. तिच्याखाली त्याने मला ठेवलं. निदान कुत्र्यांची सोबत राहील, असा विचार त्याने केला असावा. मी त्याच्यावर रागावले नाही. पण बहिणीपासून वीस पावलांवर बसून वाट बघणं सोपं नव्हतं.

पुढची वेळ आलीच नाही. राजे गेले, कुत्री गेली, कालव्याने वाट बदलली. देऊळ खचून त्याची टेकडी झाली. तिच्यावर खुबैजची भाजी उगवू लागली, म्हणून लोक तिला खुबैजची टेकडी म्हणू लागले. आजूबाजूच्या गावांनी वरच्या सगळ्या विटा घरांसाठी नेल्या. एका पावसाळ्यानंतर मीही उघडी पडले आणि उम्म गायिबच्या सासऱ्याने मला काखोटीला मारून घरी नेलं.

उम्म गायिब म्हणजे 'न आलेल्याची आई'. मूलबाळ नसलेल्या बाईला इकडे असंच म्हणतात आणि त्यात कुणी वाईट मानत नाही. नवरा गेल्यावर तिच्याकडे राहिल्या चौदा कोंबड्या, सिमसिम नावाचं एक पिवळं कुत्रं आणि मी. खुराड्याचं दार वाऱ्याने उघडू नये म्हणून मी दाराशी. रोज सकाळी ती मला बाजूला सरकवायची आणि तिचा अंगठा नेमका कडेवरच्या अर्ध्या पंजावर पडायचा. तीस वर्षं रोज. पोटावर राजाचं नाव घेऊन कोंबड्यांची राखण करायची वेळ आली खरी, पण खरं सांगू? मजेत होते. कोंबड्या पुजाऱ्यांपेक्षा कमी रडतात.

मग जुन्या वास्तूंसाठी खोदणारी माणसं आली. बगदादहून डॉक्टर रबाब आल्या आणि शिरकात गावाहून उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर, मुतलक. शिरकातच्या लोकांचा हा खानदानी धंदा, मातीतून मातीची भिंत हुडकायची. तुम्हाआम्हाला सगळा चिखल सारखाच. मुतलक टिकाव हलकेच आपटायचा, आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "इथून भिंत, इथून नुसती माती." तो कधी चुकायचा नाही. तीन हंगाम खणून त्याने जाड भिंतींची एक मोठी इमारत मोकळी केली. "देऊळ आहे," तो छातीवर हात ठेवून सांगायचा.

पण टेकडीवरून रस्ता जायचा होता. रस्त्याचा साहेब येऊन म्हणाला, "जाड भिंती तर धान्याच्या कोठारालाही असतात. नावगाव काही सापडलंय का? गुरुवारपर्यंत दाखवा, नाहीतर शुक्रवारची सुट्टी सोडून शनिवारी यंत्रं येतील."

नाव कुठून सापडणार? नावाच्या विटा गावोगावच्या भिंतींत. दाराच्या कोपऱ्यात, वरच्या विटा गेलेल्या जागी, सगळ्यात खालचा थर मंगळवारी लागला, पण त्या विटांची नावं खाली आणि डांबर असं घट्ट की काढायला गेलं तर वीट फुटायची. मुतलक हात लावू देईना. "देऊळ आहे हे दाखवायला देऊळच फोडू का, डॉक्टरबाई?"

त्याच दिवशी उम्म गायिब अंडी द्यायला खड्ड्यापाशी गेली. घरी आली ती धावतच. थेट माझ्याजवळ बसली आणि कडेवरच्या दोन बोटांवर अंगठा फिरवला. तिथल्या एका विटेवर तिने उरलेला पंजा बघितला होता. माझी बहीण! जिवंत होती, जागेवर होती. मला ओरडावंसं वाटलं, पण वीट ओरडणार कशी?

बुधवारी मुतलक अंडी घ्यायला आला आणि ओट्यावर बसला.

"उद्या संपलं बघ, उम्म गायिब. चाळीस वर्षं भिंती शोधल्या. ही पाडतील तेव्हा मी गावात थांबायचा नाही."

"रस्ता झाला तर माझी अंडी बाजारात लवकर पोचतील," ती म्हणाली. पण त्याच्याकडे न बघता.

"पोचतील की. माझ्या भिंतीवरूनच जातील."

"उस्ता, एक विचारू? टेकडीच्या विटा कुणाच्या घरात सापडल्या तर घर पाडतात म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"लोक बोलतात." तिची मागची अख्खी भिंत माझ्या भावंडांची होती. मुतलकने त्या भिंतीकडे बघितलं, मग अंड्यांकडे बघितलं. "लोकांना काय, काहीही बोलतात," म्हणाला आणि उठला. त्या दिवशी मी माझ्यासाठीही घाबरले आणि तिच्यासाठीही. तिच्याकडे त्या घराशिवाय होतं काय?

गुरुवारी सकाळी तिने मला हौदावर नेऊन काथ्याने खसाखसा घासलं. तीस वर्षांची कोंबड्यांची घाण गेली. स्वतः आंघोळ केली, धुतलेला झगा घातला, हातात लग्नातलं कडं चढवलं. मला परातीत ठेवून, शेजारी न्याहारीची म्हशीच्या सायीची आणि खजुराच्या काकवीची वाटी ठेवून, परात डोक्यावर घेऊन निघाली. सिमसिम मागे.

खड्ड्यापाशी रस्त्याचा साहेब घड्याळ बघत उभा होता. तिने परात खाली ठेवली.

"डॉक्टरबाई, आधी शपथ घ्या. माझ्या घराला हात लावायचा नाही."

"कुणी लावत नाही, उम्म गायिब. काय आणलंय?"

"खुराड्याची वीट. बदली वीट दिल्याशिवाय सोडणार नाही, आधीच सांगते. रात्री माझ्या कोंबड्या कोल्हा नेईल."

रबाबबाईंनी मला उलटं केलं आणि पोटावरची अक्षरं बोटाने वाचली. शिक्क्यात राजाचं नाव, आणि ज्या गुला देवीसाठी देऊळ बांधलं तिचंही, सगळं स्वच्छ. पण साहेब हुशार होता. "बाई, सुटी वीट कुठूनही आलेली असू शकते."

"कुठूनही?" उम्म गायिब झगा खोचून खड्ड्यात उतरली आणि बोट दाखवलं. "हा अर्धा पंजा बघा. उरलेला तिच्यावर आहे. दोघींना भेटवा, मग बोला."

बहिणीशेजारी बलासूच्या माणसांनी भरलेला चिखल होता. मुतलक गुडघ्यांवर बसला. लहान करणीने, मग ब्रशने त्याने तो चिखल काढला. खाली जुनं डांबर होतं आणि त्या डांबरात माझ्या पोटाचा ठसा होता, अक्षरं उलटी, एकूण एक. मुतलकने मला दोन्ही हातांत घेतलं, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि खाली ठेवलं.

बसले. तीन हजारांहून जास्त वर्षांनी, केसभर फट न ठेवता, बहिणीच्या कडेला कड लावून. पंजा पुरा झाला. मग साहेब हळूच वाकला, पंजावर बोट फिरवलं आणि हसला. बघा, तोही आधी पंजाच बघून हसला. "रस्ता पलीकडून वळवतो," तो म्हणाला. "या बाईंच्या दारावरून."

"मग अंडी अजून लवकर पोचतील," मुतलक म्हणाला. तो रडत होता आणि या वेळी ढोल वाजवायला कुणी नव्हतं. उम्म गायिबने वाटी पुढे केली, "घ्या, तोंड गोड करा." गडबडीत सायीचा गोळा आणि काकवीचा ओघळ माझ्यावर पडला. तिने पुसायला हात पुढे केला. मुतलक म्हणाला, "राहू दे." त्याला माझ्या मधाची आणि तुपाची गोष्ट कशी ठाऊक असणार? पण राहू दिलं.

आता मी माझ्या जागी आहे. उम्म गायिबचं घर तिच्या जागी आहे. खुराड्याला सिमेंटची वीट मिळाली, ती कोंबड्यांना आवडत नाही असं ती सांगते. पावसाने भिंती झिजू नयेत म्हणून मुतलक त्यांच्यावर मातीच्या नव्या विटांचा थर चढवतोय. माझ्यासमोरच तो चिखल तुडवतो, थापतो, उन्हात ओळी मांडतो.

काल त्याच्या जेवणाचं फडकं ओळीच्या टोकाला होतं. सिमसिम निघाला तो थेट ओल्या विटांवरून. मुतलकने ओरडून ढेकूळ उचललं. "मार ना," उम्म गायिब कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मार, बघतेच मी." मुतलकने माझ्याकडे बघितलं. मग ढेकूळ खाली टाकलं, ती वीट चिखलात न कालवता तशीच वाळू दिली आणि आज सकाळी बरोबर माझ्या वर बसवली.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. ओल्या विटेवरून कुत्रं गेलं तर ढेकूळ जरूर उचला, पण विटेला हात लावू नका. माझ्या वरची ही पोर अजून ओलसर आहे, तिला सगळं पहिल्यापासून सांगायचंय. मासळीपासून सुरुवात करते.